आत्या कागदावर नव्हती

आमच्या घराण्यात उष्णता आहे, हे मी इतक्या लहानपणापासून ऐकत आलोय की मला ती जमिनीसारखी वडिलोपार्जित वाटायची. आजोबा उष्णतेनं गेले. वडील गेले तेव्हा मी दहावीत होतो, तेही उष्णतेनंच, आणि पुढं मधले काकाही. त्यांना शौचातून रक्त पडायचं. ते कुणाला सांगायचे नाहीत, पण परसाकडून आल्यावर बराच वेळ भिंतीला हात लावून उभे राहायचे. मूळव्याध आहे म्हणायचे. चुडाव्याकडचा एक माणूस मुळव्याधीच्या पुड्या द्यायचा, त्या दर पंधरा दिवसांनी घरी यायच्या. वांगं बंद, मिरची बंद, आणि सुरण इतकं शिजायचं की आजही बाजारात सुरण दिसलं की माझं डोकं फिरतं. भाजीवर राग काढून काही होत नाही, हे मला कळतं. तरी फिरतं.

पिंगळीला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं कापडाचं दुकान आहे. वडिलांनंतर थोरले भाऊ, म्हणजे अण्णा, आणि मी असं दोघांनी ते चालवलं. अण्णा खरेदी बघायचे, मी गिऱ्हाईक. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं आहेराच्या यादीपाशी हमखास अडतात. थोरल्या लेकीच्या दिराला नुसता टॉवेल-टोपी चालेल का पूर्ण पोशाख लागेल, नवरदेवाच्या चुलतीला किती किमतीची साडी काढायची, यात चूक झाली तर दोन घरांचं बोलणं बंद होतं. मग सगळे माझ्याकडं बघायचे. "आप्पा, तुमीच सांगा." आणि मी सांगायचो. कोण कुणाचा कोण लागतो हे मला आजूबाजूच्या गावांचं तोंडपाठ होतं, आणि त्याचा मला गर्व होता. लोक हिशेबात हुशार असतात, मी नात्यांत होतो.

बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिची बारावी झाली आणि वालूरहून आत्या आली. वडिलांची सख्खी, पाठची बहीण. वालूरला त्यांचं भुसाराचं दुकान, थोडी जमीन, एकुलता एक मुलगा. आत्या बैठकीत टेकलीही नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आईला म्हणाली, "वयनी, पोरगी माझ्या पदरात टाका. भावाच्या लेकीवर पयला हक्क माझा. बाहेर देतो म्हणलात तर मी हितून उठणार न्हाई."

आमच्याकडं ही मागणी नसते, हक्कच असतो. आत्यानं भावाची लेक मागितली नाही तर लोक म्हणतात, बहीणभावात काहीतरी बिनसलंय. आई आनंदानं रडली. अण्णा म्हणाले, पोरगी घरातल्या घरात चाललीय, आपल्याला कसली फिकीर. मीही तेच म्हणालो. मुलगा गरीब स्वभावाचा होता, बहीण त्याला लहानपणापासून ओळखत होती. आजही कुणी विचारलं तर मी सांगेन, जोडा चांगला होता.

त्या लग्नाची आहेराची यादी अर्थातच मी केली. तोपर्यंत आमच्या घरच्या प्रत्येक कार्यात आत्या 'लेकी'च्या रकान्यात असायची. सगळ्या लेकींना एकसारखी लुगडी. त्या दिवशी मी तिला तिथून खोडलं आणि व्याह्यांच्या रकान्यात सगळ्यात वर लिहिलं. तिच्यासाठी दुकानातली सगळ्यात चांगली साडी काढली. तिला चिडवलंही. म्हणालो, "आत्या, आता तुला विहीणबाई म्हणावं लागंल."

"म्हण की," ती म्हणाली. "पदर जड दे म्हंजे झालं."

दोन वर्षांनी भाची झाली. गोरी, डोळे मोठे, आणि अंगावर चहाच्या रंगाचे चट्टे. पाठीवर चार-पाच, मांडीवर दोन, एक मोठा पोटावर. आत्यानं लगेच निकाल दिला. "गिराणात हिनं इळी हातात धरली व्हती. म्या सांगत व्हते, गप पडून ऱ्हा." बहीण बिचारी कित्येक वर्षं ते ग्रहण आठवत बसायची. मला ते चट्टे आवडायचे. पोरगी सुट्टीत आमच्याकडं आली की मी तिच्या पाठीवर बोट टेकवून म्हणायचो, "हा जिंतूर, हा सेलू, अख्खा परभणी जिल्हा घेऊन फिरतीस." ती वळून विचारायची, "मंग वालूर कुटं हाय?" मी तिला गुदगुल्या करायचो. दुकानात बसून ती उरलेल्या तुकड्यांतून खण निवडायची आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "मावशी, हा रंग तुमाला न्हाई शोभायला." अण्णा हसून लोटपोट व्हायचे आणि म्हणायचे, हिला दुकानात बसवू नका, दिवाळं निघेल.

भाची चार वर्षांची असताना आत्या गेली. पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं होतं. परभणीला नेऊन पिशवी काढली, पण तोवर उशीर झाला होता. आम्ही सगळे वालूरला गेलो. आमच्या मनात पुरुषांचा आजार उष्णतेचा आणि बायकांचा पिशवीचा, असे दोन वेगळे कप्पे होते. ते दोन आजार एकाच घरात आलेत असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात तर आत्या त्या घरात नव्हतीच.

मग अण्णांना रक्त पडायला लागलं. त्यांनीही वडिलांसारखंच वर्षभर लपवलं. शर्ट ढगळ व्हायला लागले तेव्हा मी त्यांना दमात घेतलं, थोरल्या भावाला आयुष्यात पहिल्यांदा. औरंगाबादला नेलं. नाव बदललंय, पण तोंडातून अजून तेच निघतं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. पोट उघडलं, जेवढं निघालं तेवढं काढलं. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं माझ्या भाचीची थोरली बहीण शोभाव्यात एवढ्याच. त्यांनी वडिलांचं विचारलं, आजोबांचं विचारलं, आणि उष्णता हा शब्द दोनदा ऐकल्यावर त्या लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, ही मूळव्याध नव्हती. हा कॅन्सर तुमच्या घरात रक्तातून चाललाय.

त्यांनी मला एक कोरा कागद दिला. पुरुष असला तर चौकोन, बाई असली तर गोल. ज्याला हा आजार झाला त्याचा आकार आतून काळा करायचा, गेलेल्यावर तिरकी रेघ. सांगायला लाज वाटते, पण मला ते काम आवडलं. भाऊ आत पोट शिवून पडलेला, आणि मी बाहेरच्या बाकड्यावर पेन घेऊन जवळजवळ खुशीत. हा माझा प्रांत होता. वर आजोबा, काळे. त्यांच्याखाली तीन चौकोन: वडील काळे, मधले काका काळे, धाकटे कोरे. मग अण्णा, मी, आमची मुलं. बहिणीचा गोल, त्याला जोडून मेव्हण्यांचा चौकोन, खाली भाचीचा छोटा गोल. मेव्हण्यांच्या वर मी काहीच काढलं नाही. ती व्याह्यांची बाजू. आजोबांच्या खाली एक मुलगीही होती, हे मला आठवलं नाही असं नाही. दिलेली लेक आपल्या घरात धरायची नसते, एवढंच. हाताला सवय होती.

बाईंनी कागद बघितला आणि विचारलं, "तुमच्याकडं नात्यात लग्नं होतात का?"

मला तो प्रश्न झोंबला. ही शहरातली पोर आम्हाला समजते काय! "छे मॅडम," मी म्हणालो. "आमच्यात गोत्र बघितल्याशिवाय सोयरीक होत नाही. चुलत बहीण ती आमच्यात सख्खी बहीण." बाईंनी मान हलवून काहीतरी लिहिलं. मी खोटं बोललो नव्हतो. चुलत बहिणीशी लग्न ही गोष्ट नुसती उच्चारली तरी आमच्याकडं माणसं कानावर हात ठेवतील. आणि आत्याचा मुलगा हा तर जन्मापासून ठरलेलाच नवरा, त्याला कोण नात्यातला म्हणतं?

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. कापडाचं दुकान आहे म्हटल्यावर म्हणाल्या, असं धरा की प्रत्येकाच्या शरीरात दोन रफू करणारे असतात, एक आईकडून मिळालेला, एक वडिलांकडून. शरीर रोज नवं कापड विणतं, त्यात धागे चुकतात, हे दोघं ते दुरुस्त करतात. तुमच्या घरात एक रफूवाला पिढ्यान्‌पिढ्या नालायक निघालाय. दुसरा चांगला असतो म्हणून माणूस चाळिशी-पन्नाशीपर्यंत पोचतो. तो दुसराही कुठं थकला की गाठ होते. ज्याच्याकडं तो नालायक असेल, त्याच्या प्रत्येक मुलाकडं तो जाण्याची शक्यता निम्मी.

आमची सगळ्यांची रक्तं तपासली. अण्णांत होतं. बहिणीत होतं. माझ्यात नव्हतं. बाईंनी मला ते हसत सांगितलं, आणि मी बहिणीच्या तोंडाकडं बघू शकलो नाही. तिची दुर्बिणीनं तपासणी झाली, आतडं स्वच्छ निघालं. दर वर्षी येत जा म्हणाल्या. बहिणीनं पोरीचं विचारलं. बाईंनी कागदावर एकदा नजर टाकली. म्हणाल्या, तिच्यात आलंच असेल असं नाही, आणि आलं असलं तरी पंचविशीच्या आत काळजी नको. अठरा झाल्यावर रक्त बघू. बहीण गाडीत परभणीपर्यंत सारखी तेवढंच म्हणत होती, पंचवीस, पंचवीस. अण्णा सात महिन्यांनी गेले.

पोरगी तेरा वर्षांची झाली आणि बहिणीचा फोन आला. "दादा, पोरीचं पोट लय दुखायलंय. सारखी पडून ऱ्हायलीय. रक्त बी दिसलं म्हणती."

मी दुकानात होतो, गिऱ्हाईक समोर होतं. तरी तिची समजूत काढायला मी कमी पडलो नाही. "अगं, बाईंनी सांगितलंय ना पंचविशीपर्यंत काही नाही? वयात यायलीय पोरगी, असतं असं. जंताचं औषध दे." घरातला जाणता माणूस मी. तिनं ऐकलं. वालूरच्या डॉक्टरनं रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. दोन-तीन फोन आणखी आले, मी दर वेळी पंचवीसच म्हणालो. असे पाच महिने गेले. मग पोरगी शाळेत बाकावरून खाली पडली.

औरंगाबादला त्याच बाई होत्या. त्यांनी पोरीला झोपवलं, पोट बघायला सदरा वर केला, आणि त्यांचा हात थांबला. तिला कुशीवर वळवून पाठ बघितली. मग अगदी हळू विचारलं, "हिचे आईवडील एकमेकांचे कोण?"

"मला आत्याचा मुलगा केलाय," बहीण म्हणाली. तिला त्यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही.

"आत्या आहेत का?"

"न्हाई, पिशवीच्या कॅन्सरनं गेली."

बाईंनी फाईलमधून तो जुना कागद काढला. आजोबांच्या खाली वडिलांच्या शेजारी एक गोल काढला आणि काळा केला. तिथून रेघ खाली आणून मेव्हण्यांच्या चौकोनाला जोडली. मग मेव्हणे आणि बहीण यांच्यामध्ये मी काढलेल्या एका रेघेखाली आणखी एक रेघ ओढली. म्हणाल्या, पिशवीचा आजारही याच मुळाचा असतो. रक्तातल्या लग्नाला आम्ही दोन रेघा ओढतो. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोरगी सगळं ऐकत होती. तिच्यापासून काही लपवायची सोय नव्हती; रफूवाल्यांची गोष्टही तिनं माझ्याकडूनच ऐकली होती. "म्हंजे मला आईकडून बी नालायक रफूवाला आला आणि पप्पाकडून बी?" तिनं विचारलं. बाई हो म्हणाल्या. "मंग माझं शिवतंय कोण?" बाईंनी तिचा सदरा खाली ओढून नीट केला. चहाच्या रंगाचे ते चट्टे त्याचेच होते. दोन्ही बाजूंनी आलेल्या पोरांच्या अंगावर ते असतात आणि त्यांना हा आजार पोरवयातच गाठतो. तिच्या आतड्यात गाठी मोजायच्या पलीकडं होत्या आणि एक फुटून यकृतापर्यंत पोचली होती.

मी बाईंना बाहेर एकटं गाठलं. विचारलं, मी त्या दिवशी आत्या काढली असती तर?

त्यांनी मला खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांना मानतो. म्हणाल्या, "तर मी हिला त्याच आठवड्यात बोलावलं असतं. दर वर्षी बघत राहिलो असतो. ती वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. पण गाठ हरभऱ्याएवढी असताना दिसली असती." मी बरं म्हणालो. अशा वेळी माणूस बरं म्हणतो, मलाही त्याचं नवल वाटलं.

ऑपरेशन झालं. आतडं बहुतेक सगळं काढलं, शौचासाठी पोटावर प्लॅस्टिकची पिशवी लावली. एक नव्या तऱ्हेचं सलाईन चालू केलं, त्यानं चार महिने गाठी जागच्या जागी थांबल्या. त्या चार महिन्यांत तिनं आठवीची पुस्तकं मागवली, त्यांना जुन्या साडीच्या काठांची कव्हरं घातली. मग गाठी पुन्हा वाढल्या. दरम्यान मेव्हण्यांची तपासणी झाली. त्यांच्यात होतंच. दुर्बिणीत दोन लहान कोंब दिसले, ते तिथल्या तिथं काढून टाकले. पोरीच्या आजारानं बापाचा जीव वाचला. हे मी त्यांना एकदा चांगलं म्हणून बोललो आणि त्या शांत माणसानं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढं कधी तो विषय काढला नाही.

शेवटचे दोन महिने ती वालूरलाच होती. मी दर रविवारी जायचो, पिंगळीहून सेलूपर्यंत रेल्वेनं, पुढं जीपनं. रंगीत खणांचे तुकडे न्यायचो. आधी ती ते लावून बघायची, नंतर नुसती हातात धरायची, नंतर म्हणाली, "मामा, नको आणत जाऊस. मला उगं वाईट वाटतंय." मी तरी पुढच्या रविवारी नेले. मला दुसरं काही आणता येत नव्हतं.

ती एका सोमवारी दुपारी गेली. आमच्यात गळ्यातलं इष्टलिंग हातात ठेवून माणसाला बसवून पुरतात. तिला उचलायला चार माणसं पुढं झाली आणि मागं सरली, कारण मेव्हण्यांनी तिला एकट्यानं उचललं. तिचं वजनच नव्हतं. खड्ड्यात बसवल्यावर मान सारखी कलायची, म्हणून मी खाली उतरून तिचं डोकं धरून उभा राहिलो. माती गळ्यापाशी येईपर्यंत मी धरून होतो, मग मला वर ओढलं.

महिन्याभरानं मी वालूरला गेलो ते कबूल करायला. बहिणीला सगळं ठाऊक होतं, पण कागद कसा भरला गेला, त्या दिवशी बाईंनी मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, हे मी तिला कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. गाडीत मी वाक्यं जुळवत गेलो. तिनं मला बोलावं, हाकलून द्यावं, पुन्हा या उंबऱ्यात येऊ नको म्हणावं, अशी माझी तयारी होती. तयारी कसली, मला तेच हवं होतं.

ती दुकानाच्या मागच्या खोलीत तूर निवडत होती. मी समोर बसलो आणि एका दमात सांगितलं. आत्या मी वगळली. विसरलो नाही, वगळली. नात्यात लग्नं होत नाहीत असं मीच सांगितलं. तुझे फोन आले तेव्हा पंचवीस पंचवीस मीच म्हणत राहिलो. तिचे हात सुपातून हलत राहिले.

"मला बी दावला व्हता त्यो कागद," ती म्हणाली.

मला कळेना.

"माझी दुर्बीण केली ना, त्या दिवशी. बाई म्हणल्या, तुमच्या भावानं भरलाय, बघा काही ऱ्हायलंय का. म्या बघितला. चांगला नीट बघितला, दादा. आजोबा बघितले, अण्णा बघितले. माझ्या शेजारी ह्यांचा चौकोन व्हता. ह्यांच्या वर काई नव्हतं." तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "म्या म्हणलं, बरोबर हाय."

मी काहीतरी बोलायला गेलो. तुझी काय चूक, तू बारावीच शिकलेली, मी जाणता, असलं काहीतरी.

"आन आत्या जिती असती आन तिला इचारलं असतं," बहीण म्हणाली, "तर तिनं बी सोताला धरलं नसतं त्यात. म्हणली असती, मी दिलेली लेक, माझं काय तिथं."

मी रिकामा बसून राहिलो. दोष माझा आहे एवढी एकच गोष्ट मी त्या घरात घेऊन आलो होतो, आणि तीही तिनं माझ्याकडं एकट्याकडं राहू दिली नाही. माझ्यावर चिडायला आता कुणी उरलं नव्हतं. ती तूर पाखडत होती आणि आतून मेव्हणे तिला विचारत होते, दादा जेवून जाणार हायत का.